जुन्या तबकड्यांसाठी परवडणारी ध्वनिसामग्री

प्रश्न : घरी नाट्यगीतांच्या काही लाखेच्या आणि काही एलपी तबकड्या आहेत. त्या ऐकण्यासाठी कमी खर्चात काय घ्यावे? – एक वाचक, दरेकसा (जि. गोंदिया)

उत्तर : खर्चाचा मोठा वाटा टर्नटेबल आणि सुई यांवरच करावा, कारण खाचेतून जे उचललेच गेले नाही ते पुढचे कोणतेही महागडे यंत्र परत मिळवून देऊ शकत नाही. लाखेच्या, म्हणजे पळस-कुसुमावर वाढणाऱ्या कीटकांच्या राळेपासून घडवलेल्या तबकड्या मिनिटाला 78 फेरे घेतात आणि त्यांची खाच रुंद असल्याने त्यांना सुमारे 75 मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते, तर 33⅓ फेऱ्यांच्या एलपीला सुमारे 18 मायक्रॉनची. म्हणून तीन गतींचे, सुई बदलता येणारे आणि सुईचा भार कमी-जास्त करता येणारे टर्नटेबल निवडावे. फोनो प्रीअँप, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण संकेत वाढवून मुद्रणावेळी मुद्दाम घटवलेला खर्ज पूर्ववत करणारा भाग, टर्नटेबलमध्येच असेल तर पॉवर्ड स्पीकरची एक साधी जोडीही पुरते. मात्र हे स्पीकर वेगळ्या टेबलावर असावेत, नाहीतर त्यांची कंपने सुई पकडते. पावसाळी दमटपणात बुरशी धरू नये म्हणून तबकड्या कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात, आणि लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये, कारण लाख त्यात विरघळते.