सजवलेली जुनी थार घेताना खर्च कुठे दडलेला असतो?

2010 ते 2020 या काळातली महिंद्रा थार सीआरडीई जुन्या बाजारात कंपनीतून निघाली तशी क्वचितच मिळते. मोठे टायर, उचललेलं सस्पेन्शन, लोखंडी बंपर, विंच, स्नॉर्कल, वर हार्डटॉप. विकणारा या सगळ्याची बिलं पुढे करतो आणि ‘तीन लाखांचं सामान अंगावर आहे’ म्हणतो. त्या सामानाला वेगळी किंमत देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ते सामान वापरून गाडी कुठे कुठे घातली गेली, याचा हिशेब गाडीच्या पोटाखाली असतो आणि तो खर्च तुमच्या खिशातून जाणार असतो.

म्हणून आपल्या ओळखीचा मिस्त्री सोबत घ्या आणि गाडी रॅम्पवर चढवा. मिस्त्री आणि रॅम्प मिळून दोन-तीन हजार रुपये जातील. रॅम्पवर न्यायला मालक नाही म्हणत असेल तर तिथूनच परत फिरा. इथून पुढचे आकडे पुण्या-मुंबईकडच्या गॅरेजांचे ढोबळ अंदाज आहेत. पार्ट कंपनीचा की बाहेरचा, यावर ते वर-खाली होतील.

सुरुवात चासीपासून करा. खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला तर खूश होऊ नका, तो कशावर मारलाय ते शोधा. कोकणात किनाऱ्यावर, खाऱ्या पाण्यात फिरवलेल्या गाडीची चासी आतून कुजते आणि बाहेरून ठीक दिसते. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चासीवर ठोकत जा. धड पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द आवाज देतो आणि आतून गंजाची पापडी गळते. मागचे पाटे आणि शॉकअप जिथे चासीला बसतात, तिथल्या जोडांवर बॅटरी मारून केसासारखी बारीक चीर आहे का पाहा. विंच असेल तर पुढचा आडवा मेंबर नीट बघा. अडकलेल्या गाड्या तिरक्या ओढल्या असतील तर तो वाकतो आणि बंपर व ग्रिलमधली फट दोन्ही बाजूंना सारखी राहत नाही. चिरेवर वेल्डिंग केलेली चासी दिसली तर सौदा सोडा. त्यासाठी कितीही पैसे कमी केले तरी ते पुरत नाहीत.

या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि टॉर्शन बार आहे. स्वस्तात उंची वाढवायची तर बारचा बोल्ट आवळतात. पुढून गाडी उचलली जाते, पण ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, त्याचे रबरी बूट घासून फाटतात, ग्रीस उडतं आणि आत माती शिरते. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे काळे शिंतोडे दिसले तर समजा बूट गेला. तेवढंच असेल तर एका बाजूला दोन-अडीच हजारांत भागतं. स्टीअरिंग पूर्ण वळवून सावकाश चालवताना कटकट आवाज आला तर शाफ्टच बदलावा लागतो, म्हणजे आठ ते पंधरा हजार. जॅकवर चाक वर-खाली हलवून बॉल जॉइंटचा खेळ तपासा. दोन्ही बाजू मिळून मजुरीसह सातेक हजार धरा.

पाण्याचा पुरावा लपवायला अवघड असतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला गाळाची रेघ असेल तर पाणी तिथवर आलेलं होतं. सीटखालच्या वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट थर आहे का बघा. मग डिफरन्शियलचा प्लग सैल करून दोन थेंब ऑइल बोटावर घ्या. चहात दूध पडल्यासारखं दिसलं तर ब्रीदरमधून पाणी आत गेलंय. नुसतं ऑइल बदलायचं तर दोन्ही डिफरन्शियल, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्स मिळून सहाएक हजार. चालवताना मागून घरघर येत असेल तर बेअरिंग गेलं. ते काम वीस ते पस्तीस हजारांचं आहे. स्नॉर्कल आहे म्हणून इंजिन सुरक्षित, असं धरू नका. फिल्टरनंतरच्या पाइपमध्ये बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर जोड गळतोय आणि तीच धूळ टर्बोची पाती खातेय. टर्बो पंचवीस ते चाळीस हजार.

टायरचा हिशेब बहुतेक जण विसरतात. मूळ 235/70 आर 16 टायरचा व्यास साधारण 29 इंच आहे. 31 इंची टायर घातला की मीटर सात टक्के कमी किलोमीटर दाखवतो; 60,000 दिसत असतील तर गाडी 64,000 च्या पुढे चाललेली असते. क्लचवरही भार वाढतो. टायरवरच्या चार आकड्यांतून आठवडा आणि वर्ष कळतं, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी जुनं रबर कडक झालेलं असतं.

फोर व्हील ड्राइव्ह डांबरावर तपासू नका. मोकळ्या मातीत फोर हाय आणि फोर लो दोन्ही लावून बघा. 2015 नंतरच्या थारला मागे आपोआप लागणारा लॉकर आहे. एक चाक भुसभुशीत जागी फिरायला लागलं की तो लागला पाहिजे.

आता बेरीज करा. दोन बूट 4,500, बॉल जॉइंट 7,000, ऑइल 6,000, क्लच 22,000 आणि पाच मड टायर 90,000. एकूण 1,29,500 रुपये, आणि यात एकही दुर्मीळ बिघाड नाही. मागितलेल्या किमतीतून हे वजा करूनच बोलणी सुरू करा.

कागदांकडे तितकंच लक्ष द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल, दोन्हींनुसार उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. दंड प्रत्येक बदलाला 5,000 रुपये, आणि कैदेचीही तरतूद आहे. पुढच्या लोखंडी बुलबारवर केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. थार सीआरडीई कंपनीतून सॉफ्टटॉपच यायची, तेव्हा हार्डटॉपची नोंद आरसीवर आहे का ते विचारा. 2011 ची गाडी असेल तर पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी दारात उभी आहे. तेव्हा आरटीओ गाडी डोळ्यांनी तपासतो. म्हणून काढलेला मूळ बंपर, टायर आणि सॉफ्टटॉप मालकाकडे आहेत का ते विचारा आणि सौद्यातच मागून घ्या, कारण नंतर जमवायला गेलात तर तीस-चाळीस हजार सहज जातात. नाव बदलल्यावर विम्याच्या बदलीसाठी चौदा दिवसांत अर्ज करा आणि राहिलेले बदल कंपनीला लेखी कळवा.