ट्रेलर जोडल्यावर पिकअपची मागील बाजू बसणें : कारणें व उपाय

हल्लीं अनेक शेतकऱ्यांच्या दारांत बैलगाडीच्या जागीं पिकअप उभी असते. तिच्या हौद्यांत माल भरून मागें दोनचाकी ट्रेलर जोडला म्हणजे मागील बाजू खालीं बसते व तोंड वर होतें. अशा वेळीं बहुतेक जण गॅरेजांत जाऊन मागें आणखी एक पाटा घालून घेतात. गाडी पुन्हां उंच दिसूं लागते आणि दोष गेला असें वाटतें. परंतु बसणें हा रोग नसून रोगाचें लक्षण आहे. आधीं भार कोठें पडला आहे तें पाहावें व मग पाट्यांस हात लावावा, एवढेंच आम्हांस या लेखांत सांगावयाचें आहे.

भार कसा वाढतो

बैलगाडी हांकणाऱ्यास ही गोष्ट समजावून देण्याची गरज नाहीं. आंसाच्या पुढें माल अधिक झाला तर ओझें बैलांच्या मानेवर येतें. मागें अधिक झाला तर गाडी उलाळ होते. दोनचाकी ट्रेलरचें तसेंच आहे. मात्र बैलांच्या मानेच्या जागीं पिकअपचा हूक असतो. हा हूक मागील आंसाच्या बराच मागें असल्यामुळें त्यावरील भार पहारीच्या टोकावरील जोराप्रमाणें काम करतो. उदाहरणार्थ, पिकअपच्या दोन आंसांमध्यें १० फूट अंतर आहे, हूक मागील आंसाच्या ४ फूट मागें आहे व हुकावर १०० किलो भार आहे असें धरूं. तर मागील आंसावर १४० किलो वाढतात व पुढील आंसावरचे ४० किलो कमी होतात.

पुढील चाकें हलकीं झालीं कीं गाडी वळविणें व रोखणें अवघड होतें. कारण ब्रेक दाबतांना गाडी थांबविण्याचें मोठें काम पुढील चाकेंच करितात. रात्रीं दिव्यांचा झोत वर जाऊन समोरून येणाराचे डोळे दिपतात. म्हणून हा प्रश्न केवळ गाडीच्या दिसण्याचा नसून रस्त्यावरील जिवांचा आहे.

आधीं मोजणी

प्रथम गाडीबरोबर मिळालेलें पुस्तक पाहावें. ट्रेलर ओढण्यास कारखान्याची मुभा नसेल तर तो जोडूंच नये. मुभा असल्यास सपाट जागीं रिकामी गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून वरील मडगार्डच्या कडेपर्यंत उंची मोजून लिहून ठेवावी. माल भरून व ट्रेलर जोडून पुन्हां मोजावें. मागें किती बसली व पुढें किती उचलली, हें दोन्ही कळलें पाहिजे. नंतर वजनकाट्यावर पुढील व मागील आंसांचें वजन वेगवेगळें घ्यावें. हुकावरील भार पिकअपच्याच मालांत धरावयाचा असतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

माल हलविणें

बिनखर्चाचा उपाय हाच पहिला. पिकअपमधील जड पोतीं केबिनच्या पाठीशीं लावावीं. शेवटच्या फळीजवळ हलका माल ठेवावा. ट्रेलरमध्यें जड वस्तु आंसाच्या जवळ असाव्या. ट्रेलरचा आंस हुकापासून ८ फुटांवर असेल, तर २०० किलो माल १ फूट मागें सरकविल्यानें हुकावरील भार २५ किलोंनीं घटतो. मात्र हा भार अगदींच काढून टाकूं नये. तसें केल्यास ट्रेलर उलाळ होऊन वेगांत डावीउजवीकडे झोके घेऊं लागतो व सबंध गाडीस खेंचून नेतो. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा सुमारें दहावा हिस्सा हुकावर असावा, हें साधारण प्रमाण आहे; तथापि कारखान्यानें हुकासाठीं घातलेली मर्यादा याहून कमी असल्यास तीच पाळावी. जोडलेला ट्रेलर जमिनीशीं समांतर दिसला पाहिजे.

पाट्यांची तपासणी

माल नीट लावूनही गाडी बसत असेल, तर पाटे तपासावे. एखादा पाटा तडकला आहे काय, बुश झिजले आहेत काय, यू-बोल्ट सैल आहेत काय, हें पाहावें. रिकामी असतांनाही गाडी एका बाजूस कलत असेल तर त्या बाजूचे पाटे थकले असें समजावें व दोन्ही बाजूंचे संच बदलावे. शॉकॲब्सॉर्बर बदलल्यानें बसणें थांबत नाहीं. त्याचें काम उसळी आवरण्याचें आहे, ओझें पेलण्याचें नव्हे. टायरांतील हवा गाडी चालविण्यापूर्वी, टायर थंड असतांना, पुस्तकांतील भारलेल्या गाडीच्या आंकड्याप्रमाणें भरावी.

इतकें केल्यावरच जादा पाटा किंवा पाट्यांस जोड देणाऱ्या हवेच्या पिशव्या यांचा विचार करावा. त्यांनीं मागील बाजू उचलली जाते, पण मागील आंसावरचें ओझें कमी होत नाहीं आणि पुढील चाकांचें गेलेलें वजनही फारसें परत येत नाहीं. अमेरिकेंत मोठ्या ट्रेलरांसाठीं दोन लवचिक दांड्यांचा विशेष हूक वापरतात. तो कांहीं भार पुढील आंसावर व कांहीं ट्रेलरच्या आंसावर वळवितो. परंतु एकूण वजन त्यानेंही घटत नाहीं.

मर्यादेचा प्रश्न

सात-बाऱ्यावर आंकडा मोठा लिहिल्यानें शेत वाढत नाहीं. तसेंच पाटा वाढविल्यानें नोंदणीपत्रांतील मान्य वजन वाढत नाहीं. आंस, ब्रेक व टायर पूर्वीचेच राहतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें मर्यादेपेक्षां जास्त मालास २०,००० रुपये दंड व वर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये आहेत. एवढ्या रकमेंत दुसरी खेप सहज होते. तेव्हां काटा मर्यादेबाहेर दाखवील त्या दिवशीं पाटा न वाढवितां पोतीं उतरवावीं, व राहिलेल्या मालासाठीं दुसरी खेप करावी.