चांदमारीच्या मैदानावर रायफलीच्या साहित्याचा सुरक्षित वापर

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिक स्पर्धेत कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल तीन अवस्था या प्रकारात कांस्यपदक मिळविले. अशा यशामुळे मुलामुलींना नेमबाजीची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरांतूनही छात्रांना ०.२२ रायफलीचे शिक्षण दिले जाते. ही रायफल लहान समजून कोणी गाफील राहू नये. तिची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. म्हणून रायफलीबरोबर वापरावयाच्या साहित्याची माहिती प्रत्येकास असणे अगत्याचे आहे.

सुरक्षा-निशाण : ही भडक रंगाची पट्टी किंवा दोरी रिकाम्या रायफलीच्या काडतुसाच्या घरात घालतात. ती बाहेर दिसत असली म्हणजे आत काडतूस नाही, हे दुरूनही कळते. नेमबाजी सुरू करण्याची आज्ञा होईपर्यंत ती काढू नये.

कान व डोळे : ०.२२ रायफलीचा आवाजही कानाजवळ सतत झाल्यास श्रवणशक्तीला अपाय करतो, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. म्हणून कर्णरक्षक व संरक्षक चष्मा नेमबाजाइतकेच शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकांनीही वापरावेत. कान झाकलेले असल्याने आज्ञा मोठ्याने द्याव्यात.

पट्टा : बाहूभोवतीच्या पट्ट्याने रायफल स्थिर राहते. तो बांधताना, सैल करताना किंवा सोडताना रायफल रिकामी असावी, नळीचे तोंड लक्ष्याकडेच असावे आणि बोट चापापासून दूर असावे. हाताला मुंग्या येऊ लागल्यास पट्टा सैल करावा.

दुर्बीण : ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत रायफलीवर दुर्बीण चालत नाही; तेथे छिद्राच्या दर्शकातून नेम धरतात. इतरत्र मोठ्या बोअरच्या रायफलीवर ती बसविली असल्यास डोळा पुरेसा मागे ठेवावा, अन्यथा धक्क्याने भुवईला जखम होते. रायफलीवरील दुर्बिणीतून माणसे पाहू नयेत, कारण दुर्बीण जिकडे वळते तिकडेच नळीही वळते. लक्ष्यपट पाहण्यासाठी वेगळी दुर्बीण घ्यावी.

हवेचे सिलिंडर : एअर रायफलीच्या सिलिंडरवरील मुदत व दाबाची मर्यादा तपासावी. मुदत संपलेले सिलिंडर भरू नये.

सफाईचे साहित्य : पुलथ्रूची चिंधी नळीत अडकून राहिली आणि तशीच गोळी झाडली, तर नळी फुटून प्राणावर बेतू शकते. सफाईनंतर बोल्ट काढून, नळी मोकळी असल्याची खात्री निदेशकांनी स्वतः करावी. शिसे पोटात जाऊ नये म्हणून नेमबाजीनंतर, जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत.

‘थांबा’ ही आज्ञा होताच सर्वांनी तत्काळ थांबावे. लक्ष्यपटाकडे कोणी गेले असता मागे राहिलेल्यांनी रायफलीला वा तिच्या कोणत्याही साहित्याला हात लावू नये. पट्टा नीट करणे किंवा दर्शक फिरविणे हेदेखील त्या वेळी वर्ज्य आहे.

ग्रामस्थांनी चांदमारीवर लाल निशाण दिसताच गुरे त्या बाजूस नेऊ नयेत. मैदानात काडतूस सापडल्यास ते न उचलता पोलिसांना कळवावे आणि मुलांना तसे समजावून सांगावे. पदकाची वाट शिस्तीतून जाते, आणि त्या शिस्तीचा पहिला धडा प्रत्येक छात्र सुखरूप घरी पोहोचणे हाच आहे.