गंगाखेडच्या ओसरीवर ड्वोर्झाक

(मामा गंगाखेडात वर्षानुवर्षं कीर्तनाला पेटीची साथ करतात. भाची पुण्यात व्हायोलिन शिकते. तिथं ऐकलेल्या एका कार्यक्रमावरून गप्पा निघाल्या.)

मामा : तू म्हणतेस, बाई बोलत होत्या आणि शेजारी चौघं वाजवत होते. मग ते व्याख्यान होतं का मैफल?

भाची : कीर्तनच म्हणा ना. बुवा एक चरण घेतात, थोडं निरूपण करतात, लगेच टाळकरी तोच चरण उचलतात. तिथं अभंगाच्या जागी ड्वोर्झाकचं स्ट्रिंग क्वार्टेट होतं. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो.

मामा : हा ड्वोर्झाक कोण?

भाची : चेक संगीतकार. 1892 मध्ये न्यूयॉर्कच्या संगीत विद्यालयाचा संचालक म्हणून गेला. पुढच्या उन्हाळ्यात सुटीला आयोवातल्या स्पिलव्हिल या खेड्यात राहिला. तिथं वस्ती चेक शेतकऱ्यांची. 8 जून 1893 ला लिहायला बसला आणि 23 जूनला क्वार्टेट पुरं. गावच्या शाळामास्तरांच्या घरातली मंडळी जमली, पहिलं व्हायोलिन ड्वोर्झाकनं स्वतः घेतलं, आणि वाजवून पाहिलं. जाहीर कार्यक्रम बोस्टनला झाला, 1 जानेवारी 1894 ला.

मामा : म्हणजे आधी घरातच वाजलं.

भाची : चेंबर म्युझिक मुळात खोलीतलंच. आपल्या बैठकीसारखं, समोर बसून ऐकायचं.

मामा : बरं, पण मला त्यातलं कळणार काय? रागाचं नाव नाही, सम नाही.

भाची : पेटी घ्या. पांढरी चार षड्ज धरा आणि भूपाचे स्वर वाजवा.

मामा : (वाजवतात) सा रे ग प ध. झालं.

भाची : त्या क्वार्टेटची पहिली धून या पाचच स्वरांतली आहे. धून व्हायोला सुरू करतो. तो व्हायोलिनपेक्षा पंचमानं खाली लावलेला असतो, आवाज जरा भरदार. बाकीचे तिघं खाली एकच स्वरसंगती झुलवत ठेवतात. चार-चार मात्रांची 12 आवर्तनं जातात, तरी ती बदलत नाही.

मामा : म्हणजे तंबोराच लावून ठेवला की!

भाची : मलाही तसंच वाटलं. पण बाईंनी तिथंच थांबवलं. म्हणाल्या, आता नुसता चेलो ऐका. मग नुसता व्हायोला. मग चौघं एकत्र. एवढ्यात कान असा तयार झाला, की पुढं तीच धून पहिल्या व्हायोलिननं वरच्या सुरात घेतली तेव्हा कुणाला सांगावं लागलं नाही.

मामा : मग पुढं बढत करतात का भूपाची?

भाची : नाही, आणि तिथंच आपला माणूस फसतो. भूप शोधत बसलात तर ऐकणं बिघडेल. थोड्या वेळानं षड्जच हलतो. दुसरी धून येते ती पांढऱ्या सहाला षड्ज मानून.

मामा : गंधाराचा षड्ज केला! ही तर मूर्च्छना झाली.

भाची : मूर्च्छनेत स्वर तेच राहतात, षड्ज तेवढा दुसरा. इथं स्वरही बदलतात. घर सोडून बाहेर पडल्याची हुरहूर त्यातून येते, आणि शेवटी पांढऱ्या चारला परतायचं असतं. एकोणिसाव्या शतकातल्या या रोमँटिक मंडळींची भावना अशा प्रवासातून बोलते. दुसऱ्या भागात संथ, उदास धून आहे, ती अखेरीस चेलो गातो. तिसऱ्या भागात तिथल्या रानातल्या एका पाखराची शीळ घेतलीय.

मामा : पाखराचं राहू दे. मला सांग, बाई बोलल्या किती?

भाची : बेताच्या. प्रत्येक भागाआधी थोडं बोलायच्या, तुकडे वाजवून दाखवायच्या. मग अख्खा भाग, मध्ये एक शब्द नाही.

मामा : हे पटलं. आमच्याकडं एखादे बुवा दृष्टान्तातच इतके रमतात, की पखवाजवाल्याची बोटं आखडतात.

भाची : आणि काही व्याख्याते संगीतकाराच्या आजारपणात आणि प्रेमप्रकरणात तास घालवतात. शुमानचं तर हमखास. 1842 या एका वर्षात त्यानं तीन स्ट्रिंग क्वार्टेट आणि पियानो क्विंटेट लिहिलं. त्यातलं काय ऐकायचं, ते मात्र राहूनच जातं.

मामा : आपल्याकडं असं कुणी केलं?

भाची : अशोक रानड्यांनी. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे ते संचालक होते. ‘देवगाणी’, ‘बैठकीची लावणी’ अशा कार्यक्रमांत गाणं आणि त्याचा विचार त्यांनी एकत्र मांडला. पाश्चात्त्य बाजूनं मेहली मेहता. त्यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि 1940 मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. पण ते मुंबईत.

मामा : परभणीला का नाही? ऐकायची सवय इथं आहे. जनाबाईच्या गावातली माणसं रात्र-रात्र कीर्तनाला बसतात.

भाची : खर्चही फार नाही. चार वादक, बिनहाताच्या चार खुर्च्या आणि बोलणारं एक माणूस. माईक फक्त बोलणाऱ्याला. वाजवताना पंखे मात्र बंद ठेवावे लागतील.

मामा : मग थंडीत ठेवा! किती वेळाचं आहे ते?

भाची : चारही भाग मिळून साधारण 25 मिनिटं. ‘अमेरिकन क्वार्टेट’ म्हणून शोधा, ओपस 96. आज फक्त पहिला भाग ऐका, आणि ऐकताना पेटीवर पांढरी चार धरून ठेवा. कुठं टोचायला लागली, ते मला फोन करून सांगा.