औषध गाठीपर्यंत कसे पोहोचते?

कर्करोगावरील रसायनोपचारात औषध रक्तावाटे सर्वांगात फिरते आणि निरोगी पेशींनाही इजा करते. डॉक्सोरुबिसिन या प्रभावी औषधाने तर हृदयाचे स्नायू दुबळे होऊ शकतात. म्हणून ते लायपोसोममध्ये, म्हणजे मेदाच्या सुमारे १०० नॅनोमीटर आकाराच्या कुपीत भरतात. केसाची जाडी याच्या जवळपास हजारपट असते. हृदयातील घट्ट विणीच्या रक्तवाहिन्यांतून ही कुपी सहसा बाहेर पडत नाही. गाठीतील सच्छिद्र वाहिन्यांतून मात्र झिरपते. तळहात-तळपाय सोलवटण्याचा त्रास तरीही संभवतो.

अमेरिकेने असे औषध १९९५ मध्ये मंजूर केले. पुढे तेथेच तुटवडा पडला, तेव्हा २०१२ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचे ‘लिपोडॉक्स’ तेथील रुग्णांच्या उपयोगी पडले.

प्रज्ञेने घडवलेली कुपी गाठीपर्यंत जाते. वणी परिसरातील रुग्णाला वेळीच रुग्णालयापर्यंत नेणे हे आपल्या करुणेचे काम आहे.