सहकारी घडविणारा पुढारी

आपल्या मंडळ्यांतून एक तक्रार वरचेवर ऐकू येते : काम करावयास माणसेच मिळत नाहीत. पाळकांनीच उपदेश करावा, त्यांनीच आजाऱ्यांस भेटावे, शब्बाथशाळाही त्यांनीच चालवावी; आणि त्यांची बदली होताच ह्यांतील निम्मी कामे बंद पडावीत, असे पुष्कळ ठिकाणी घडते. हा तुटवडा खरोखर माणसांचा आहे, की माणसे घडविण्याच्या कळकळीचा, ह्याचा विचार आपण पवित्र शास्त्राच्या आधारे करू.

१. ओझे वाटून देणे

निर्गमाच्या १८ व्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करीत बसलेला दिसतो. त्याचा सासरा इथ्रो त्यास स्पष्ट सांगतो की, ही रीत बरी नव्हे. अशाने तूही थकशील व लोकही थकतील. हजार, शंभर, पन्नास व दहा जणांवर नायक नेमावे, अशी व्यवस्था तो सुचवितो. हे नायक देवाचे भय बाळगणारे, सत्यनिष्ठ व लाचेचा तिटकारा असलेले असावेत, अशी अट तो घालतो. परंतु त्यापूर्वी मोशेने लोकांस विधी व नियम शिकवावे, असेही तो म्हणतो. शिकविल्यावाचून काम सोपविणे म्हणजे माणसास अपयशाच्या स्वाधीन करणेच होय. शिवाय, हजारांचा नायक होणे थोड्यांसच साधते. दहांचा नायक मात्र आपल्यापैकी कित्येकांस होता येईल.

२. तक्रारीतून सेवक निवडणे

प्रेषितांच्या कृत्यांच्या ६ व्या अध्यायात दुसरे उदाहरण आहे. रोजच्या वाटणीत आपल्या विधवांची उपेक्षा होते, अशी ग्रीक भाषा बोलणाऱ्या बंधुजनांची कुरकुर होती. प्रेषितांनी ती दडपून टाकली नाही. त्यांनी मंडळीसच सात माणसे निवडण्यास सांगितले. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या बाजूने तक्रार आली, त्यांच्यावरच मंडळीने विश्वास टाकला, असे ह्यावरून दिसते. पंक्तीत वाढण्याच्या कामासाठी नेमलेल्या ह्याच सातांपैकी स्तेफन पुढे पहिला रक्तसाक्षी झाला व फिलिप्पाने शोमरोनात सुवार्ता नेली. लहान काम विश्वासूपणे करणाऱ्यास मोठे काम सापडते, ते असे.

३. बर्णबाची रीत

तथापि सहकारी कसे घडवावे, हे शिकावयाचे तर बर्णबाकडेच पाहिले पाहिजे. ह्याचे मूळ नाव योसेफ. प्रेषितांनी त्यास दिलेल्या नावाचा अर्थ ‘बोधपुत्र’, म्हणजे धीर देणारा. त्याच्या चरित्रातील चार प्रसंग क्रमाने पाहा.

शौलाचे मन पालटले, तरी यरुशलेमेतील शिष्य त्यास भीत होते. त्या वेळी बर्णबाने त्यास प्रेषितांकडे नेले व त्याच्याविषयी साक्ष दिली. ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही, त्याच्यासाठी आपले वजन खर्च करणे, ही पहिली पायरी.

पुढे अंत्युखियात काम वाढले, तेव्हा बर्णबा एकटाच ते मिरवीत बसला नाही. तो तार्सास गेला, शौलास शोधून काढले, आणि दोघांनी मिळून वर्षभर मंडळीस शिकविले. योग्य माणूस आपण होऊन दारी येईल म्हणून तो थांबला नाही, आणि सापडल्यावर त्यास एकटेही सोडले नाही.

ह्यानंतर कथेत ‘बर्णबा व शौल’ हा क्रम पालटतो व पौलाचे नाव पुढे येऊ लागते. बर्णबाने ह्याविषयी कुरकुर केल्याचा एक शब्दही ग्रंथात नाही. आपण शिकविलेला आपल्या पुढे गेला म्हणजे आनंद मानणे, ही पुढाऱ्याची सर्वांत कठीण परीक्षा होय.

शेवटचा प्रसंग मार्काचा. पहिल्या प्रवासात तो अर्ध्यातून परतला, म्हणून पौल त्यास पुन्हा घेण्यास तयार नव्हता. वाद इतका वाढला की दोघे वेगळे झाले. परंतु बर्णबाने मार्कास सोडले नाही. पुढे त्याच मार्काविषयी पौल तीमथ्यास लिहितो की, त्यास घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. एकदा चुकलेल्या तरुणास दुसरी संधी मिळाली नसती, तर मंडळीची केवढी हानी झाली असती!

४. केडगावचा दाखला

आपल्या महाराष्ट्रातील एक दाखला घ्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या अनाथ मुली व विधवा ह्यांस पंडिता रमाबाईंनी केडगावी आश्रय दिला. पण त्यांस केवळ अन्नवस्त्र देऊन त्या थांबल्या नाहीत. मुक्तिसदनात त्यांस वाचन, विणकाम, शेती व छापखान्याचे काम शिकविले. १९२१ साली रमाबाईंची कन्या मनोरमाबाई वारल्या आणि १९२२ च्या एप्रिलात स्वतः रमाबाई निवर्तल्या. तरीही त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. बाई गेल्या, पण त्यांनी तयार केलेले हात मागे उरले होते.

५. आपण काय करावे?

पाळक व पंच ह्यांनी प्रत्येक कामास एक जोडीदार नेमावा. पहिल्याने करावे व दुसऱ्याने पाहावे, मग दुसऱ्याने करावे व पहिल्याने पाहावे. कामाची मुदत ठरवून द्यावी, म्हणजे ‘एकदा हो म्हटले की जन्माची बेडी’ ह्या भीतीने कोणी मागे सरणार नाही. चूक एकांतात दाखवावी. आभार मात्र चारचौघांत, आणि नेमक्या कामाचा उल्लेख करून मानावे.

पालकांस विनंती आहे की, मुलगा शब्बाथशाळेत लहानांचा वर्ग घेऊ लागला, तर ‘आधी अभ्यास कर’ एवढेच म्हणून त्याचा उत्साह मोडू नये. आठवड्यातील एक तास दुसऱ्यासाठी देण्याची सवय ह्या वयात लागली नाही, तर पुढे ती लागणे कठीण.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही उद्याची वाट पाहू नका. सतरंज्या अंथरणे, म्हाताऱ्या आजीस हात धरून उपासनेस आणणे, निरक्षरास शास्त्र वाचून दाखविणे, ही कामे आज तुमच्या आवाक्यातील आहेत. ती करताना आपल्याहून लहान अशा एकास सोबत घ्या. म्हणजे तुम्ही शाळा सोडून जाल, त्या दिवशी ते काम थांबणार नाही.

मननासाठी प्रश्न : (१) इथ्रोने नायकांच्या अंगी कोणते गुण मागितले, व ते त्याच कामास का हवेत? (२) मार्काविषयी पौल व बर्णबा ह्यांच्या मतांत कोणता भेद होता? (३) तुमच्या मंडळीतील असे कोणते काम आहे, की जे एकाच माणसावर अवलंबून आहे?