विटांवर डेक टांगू नका

प्रश्न : न्यू जर्सीत एडिसनला आम्ही विटांच्या दर्शनी भिंतीचं घर घेतलं आहे. मागे 12 बाय 16 फुटांचा डेक बांधायचा आहे. उन्हाळ्यात पुण्याहून आई-बाबा येतील, तेव्हा बाबांची पंच्याहत्तरी तिथेच करू. चाळीसेक माणसं होतील. कंत्राटदार म्हणतो, परवान्यात वेळ जाईल, मी लांब बोल्ट मारून डेक विटांना पक्का करतो. विनापरवाना बांधला तर घर विकताना अडचण येईल का?
— एक वाचक

उत्तर : येईल. परवाना मागाहून घ्या, नाहीतर डेक पाडा, अशी वेळ ऐन विक्रीत येते. पण विक्री दूरची गोष्ट झाली. तुम्ही विचारायला हवं होतं ते हे : पंच्याहत्तरीच्या दिवशी ही भिंत डेक धरून ठेवील का? बहुधा नाही.

तुमच्याकडच्या अशा बहुतेक घरांत घराचा भार आतली लाकडी चौकट पेलते. बाहेरच्या विटांचा थर जेमतेम चार इंचांचा असतो. त्याच्यामागे इंचभर पोकळी असते आणि पत्र्याच्या बारीक पट्ट्यांनी तो चौकटीला धरलेला असतो. तो फक्त स्वतःचं वजन पेलतो. तळाच्या ओळीत पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रं दिसली, तर भिंत याच जातीची समजा.

आता हिशेब करा. माणसांचे 40 आणि डेकचे स्वतःचे 10, असे चौरस फुटाला 50 पौंड धरतात. तुमच्या डेकचे 9,600 पौंड झाले. त्यातले निम्मे भिंतीलगतच्या आडव्या फळीवर, म्हणजे लेजरवर येतात. बोल्ट विटांतच थांबला, तर तो विटेसकट उपटून येतो. आरपार नेला, तर पोकळीत आधाराविना वाकतो, आवळताना विटा तडकतात, आणि छिद्रातून शिरलेलं पाणी आतलं लाकूड कुजवतं. बाहेरून काहीच दिसत नाही. काही वर्षं डेक उभा राहतो, माणसं निर्धास्त होतात आणि गर्दीच्या दिवशी तो भिंतीपासून सुटतो. म्हणूनच अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत विटांच्या दर्शनी थरावर लेजर टेकवायला मनाई आहे.

आणखी लांब बोल्ट, विटांत इपॉक्सी : विसरा. विटांच्या थरासाठी खास बनवलेले ब्रॅकेट मिळतात. टाउनशिपने आराखड्यात मंजूर केले तरच वापरा.

माझा सल्ला : डेक स्वतंत्र उभा करा. घराच्या बाजूलाही खांब आणि तुळई द्या, आडवं हलू नये म्हणून तिरके आधार द्या. पाया गोठणरेषेच्या, म्हणजे हिवाळ्यात जमीन जिथवर गोठते त्या खोलीच्या खाली, तुमच्याकडे साधारण तीन फूट, जायला हवा. घरालगतची माती भरावाची असते, तिथे पक्क्या मातीपर्यंत खणावं लागतं. जमिनीखालच्या वाहिन्यांवर खुणा करून घेण्यासाठी खणण्याआधी 811 ला फोन करणं कायद्याने बंधनकारक आहे. खर्च थोडा वाढेल, तो करा.

परवाना टाळू नका. विनापरवाना डेकवर कुणी जखमी झालं, तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि भरपाईचा दावा तुमच्यावर येऊ शकतो. न्यू जर्सीत 500 डॉलरवरच्या घरदुरुस्तीच्या कामाला लेखी करार लागतो. त्यात कंत्राटदाराचा नोंदणी क्रमांक आणि विम्याचा दाखला मागा. करारावर सही केली असेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत तो रद्द करता येतो. परवाना टाळायला सांगणारा कंत्राटदार बदला.

टाउनशिपची अंतिम तपासणी होईपर्यंत डेकवर कुणालाही बोलावू नका. तोवर तारीख उलटली, तर पंच्याहत्तरी अंगणात करा.